इंद्रायणीला कंपनी नव्हती

मामांचं म्हणणं सरळ आहे. सरकारी पगारावर, सरकारी जागेत, सरकारी पैशानं लागलेला शोध लोकांचा. तो लोकांना द्यायचा. कंपनी काढून विकायचा नाही. भाचीचं म्हणणं याच्या बरोबर उलट असतं तर वाद पाच मिनिटांत संपला असता. पण ती वेगळंच विचारते : द्यायचा म्हणजे नेमका कुणाच्या हातानं?

मामा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बहुतेक काळ भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत गेला. (वेल्ह्याला कागदोपत्री आता राजगड तालुका म्हणायचं, मामांच्या तोंडात अजून वेल्हंच आहे.) भाची रसायनशास्त्रात पीएचडी करून पुण्यात पाषाणला एका छोट्या कंपनीत लागली. एका सरकारी प्रयोगशाळेतल्या कामातून ही कंपनी निघाली आणि पिण्याच्या पाण्यातले जंतू काही तासांत दाखवणारी पट्टी तयार करते. नावं छापू नका असं दोघांनीही बजावलं, कंपनीचंही नको. गुंजवणीच्या खोऱ्यात, राब पेरून झाल्यावर लावणीपर्यंत जी थोडी उसंत मिळते त्या दिवसांतली ही गोष्ट. मी ऐकत होतो. जिथं राहवलं नाही तिथं मध्ये बोललो.

मामा : इंद्रायणीपासून सुरुवात करू. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून ती बाहेर पडली. केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर. आंबेमोहराला वास होता, पण उतारा कमी, आणि उंच वाढून वाऱ्यापावसात आडवा व्हायचा. आयआर-८ पोत्यानं पिकायचं, पण खायला गोडी नाही. इंद्रायणीत दोन्हींकडचं चांगलं आलं. आज भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, कुठल्याही खाचरात बघ, तीच दिसेल. तिला कंपनी होती का? पेटंट होतं का? कुणा प्राध्यापकाचे शेअर होते का?

भाची : कंपनी नव्हती असं कोण म्हणतं? तुम्हीच होता की कंपनी.

मामा : मी?

भाची : तुम्ही, तुमच्यासारखे बाकीचे सहायक, तालुक्याची कचेरी, महाबीज. विद्यापीठाकडं होतं ते थोडंसं पैदासकार बियाणं. त्याचं पायाभूत कुणी केलं? पायाभूताचं प्रमाणित कुणी केलं? पिशव्या भरून तालुक्याला कुणी पोचवल्या? महाबीज म्हणजे १९७६ साली सरकारनं अकोल्यात काढलेलं बियाणे महामंडळ. कंपनीच ती. आणि शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून ‘एक गुंठा तरी लावून बघ’ म्हणणारे तुम्ही तिचे विक्री प्रतिनिधी. तुमचा पगार इंद्रायणीच्या किमतीत कुणी धरला नाही, एवढाच काय तो फरक.

मामा : तोच तर फरक आहे ना, बाई! पगार धरला नाही म्हणून गरिबाला बियाणं परवडलं. आणि एकदा घेतलं की घरचं ठेवायचं, शेजाऱ्याला द्यायचं. वाणांवरच्या हक्कांच्या २००१ च्या कायद्यानंही तो हक्क शेतकऱ्याला दिलाय. घरचं बियाणं राखायचं, पेरायचं, वाटायचं, विकायचंसुद्धा. फक्त त्यावर ब्रँडचं नाव टाकून विकायचं नाही.

भाची : मग नावाचं काय झालं, तेही सांगा. पुण्यातल्या दुकानात पोत्यावर ‘इंद्रायणी’ लिहायला कुणाची परवानगी लागते? भात तुमच्या खाचरातला आहे की आणखी कुठला, कोण बघतं? वाण फुकट दिलं, ते चांगलंच केलं. पण नावाला राखणदार नव्हता, म्हणून नावाचे पैसे व्यापाऱ्याकडं गेले.

याला मामांनी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, या एका मुद्द्यावर भाची खरी आहे. आपल्याकडं ‘फुकट’ आणि ‘सर्वांचं’ या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. ज्याच्याकडं गोदाम, ट्रक आणि उधारीवर थांबायची ताकद आहे, त्याला फुकट गोष्टीचा फायदा सगळ्यात आधी होतो.

मामा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. ते चारसूत्रीवर आले. भातपट्ट्यात हा शब्द माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ही पद्धत. भाताचा तूस आणि पेंढा परत जमिनीत, हे पहिलं सूत्र. गिरिपुष्पाचा पाला चिखलात, हे दुसरं. दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर लावणी, हे तिसरं. चौथं म्हणजे लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी हातानं खोल खोचायची. युरिया वरून फोकला की पाण्याबरोबर वाहून जातो नाहीतर हवेत उडतो. खोल खोचलेली गोळी सावकाश विरघळते आणि मुळांना पुरते.

मामा : हाही शोधच. कुणी विकला नाही. आम्ही गावोगाव दोरी घेऊन हिंडलो.

भाची : तीन सूत्रं गावात होती तशी पसरली. चौथ्याला गोळी लागते. ती कुठून यायची?

मामा : ब्रिकेट दाबायचं यंत्र असतं. कुणा बचत गटाकडं, कुणा दुकानदाराकडं.

भाची : आणि ज्या वर्षी यंत्रवाल्यानं गोळ्या केल्या नाहीत, त्या वर्षी?

मामा : त्या वर्षी तीनसूत्री. (हसतात) पण त्याला तुमच्यासारखी कंपनी लागत नाही गं. पाषाणला बसून गुंतवणूकदार शोधणारी कंपनी कशाला? गावात एक यंत्र, एक चालवणारा, लावणीच्या आधी वेळेवर युरिया. झालं.

भाची : म्हणजे चालवणारा पाहिजेच. एवढंच कबूल करून हवं होतं मला.

इथं मी विचारलं की प्रयोगशाळेतून बाहेर पडताना तुमच्या पट्टीचं नेमकं काय झालं. प्रयोगशाळेत पट्टी चालली म्हणजे काम झालं असं आम्हालाही वाटलं होतं, ती म्हणाली. मग कळलं की हातानं केलेल्या वीस पट्ट्या चालणं आणि यंत्रावर केलेल्या वीस हजारांतली प्रत्येक चालणं यांत काही वर्षं जातात. कागदाचा गठ्ठा बदलला की रंग बदलतो. दमट हवेत सहा महिने पडलेली पट्टी खोटं बोलते. यातल्या कशावरही शोधनिबंध होत नाही, त्यामुळं संस्थेतल्या शास्त्रज्ञाला त्यात बढती नाही, विद्यार्थ्याला पदवी नाही. हे काम कुणीतरी पूर्ण वेळ, दुसरं काही न करता करावं लागतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं २००७ साली आपल्या आवारात व्हेंचर सेंटर उभं केलं, ते अशाच लोकांना बसायला जागा, वापरायला उपकरणं आणि सल्ला मिळावा म्हणून. केंद्र सरकारची बिरॅक ही संस्था जैवतंत्रज्ञानातल्या अशा सुरुवातीच्या कल्पनांना ५० लाखांपर्यंत अनुदान देते.

मामा : बघा! म्हणजे शोध सरकारी पैशानं, कंपनीही सरकारी पैशानं. मग खासगी काय, फक्त नफा?

भाची : बुडाली तर तोटाही खासगीच असतो, मामा. आमच्यात कितीतरी जणांनी वर्ष-वर्ष पगार घेतलेला नाही.

मामा : तुझी ती पट्टी असू दे. मला सांग, ग्रामपंचायतीत पाणी तपासायला काळं पडणारी बाटली येते, ती कुठून आली?

भाची : (जरा थांबून) ग्वाल्हेरहून. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतून. १९८२ साली मांजा नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी ती पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापली. बाटलीत पाणी भरून ठेवायचं; विष्ठेतले जंतू असतील तर त्यांच्या हायड्रोजन सल्फाइडनं आतली कागदाची पट्टी काळी पडते.

मामा : छापली आणि सोडून दिली. मग लहान लहान कारखानदारांनी बाटल्या केल्या, जगभर वापरल्या. ना ग्वाल्हेरनं कंपनी काढली, ना कुणाची अडवणूक झाली.

भाची : आणि चाळीस वर्षांनंतरही ती काळी पडायला रात्र जाते. तोवर गाव ते पाणी पिऊन मोकळं होतं. सोडून दिलेल्या गोष्टीला पुढं सुधारायला कुणाला घाई नसते. आम्हाला आहे, कारण त्यावर आमचं पोट आहे.

दोघंही बरोबर आहेत, असं म्हणून पुढं जाणं सोपं होतं. पण भाचीनं स्वतःच्याच बाजूला अडचणीचं एक उदाहरण काढलं, आणि त्यानं बोलण्याचा रोख बदलला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर बीटी कापसाचं एक सरकारी वाण २००९ मध्ये बाजारात आणलं : बिकानेरी नरमा. संकरित नव्हे, सरळ वाण. बियाणं राखून पुन्हा पेरता येईल असं, स्वस्त. मामांना हवं होतं तेच. ते लवकरच मागं घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सँटोच्या बीटीचं जनुक मिसळलेलं निघालं. २०१२ मध्ये याची चौकशी करणाऱ्या सोपोरी समितीनंही तसाच निष्कर्ष काढला.

भाची : हे मी सरकारी संस्थेला हसायला सांगत नाही. बियाणं शुद्ध राखून लाखो पाकिटांपर्यंत वाढवणं हे वेगळं कसब आहे. ते संस्थेत कुणाचंच काम नव्हतं. जालन्याच्या बद्रिनारायण बारवालेंनी काय केलं? दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी भेंडी आणली, केवडा रोगाला दाद न देणारी. तिचं बियाणं नीट वाढवलं, विकलं, आणि १९६४ मध्ये महिको उभी राहिली. शोध दिल्लीचा, पण शेतात नेला तो जालन्यानं. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

मामा : आणि पुढं? भेंडीवरून संकरितावर, संकरितावरून मोन्सँटोशी भागीदारी. दर वर्षी नवं पाकीट. शेतकऱ्याची बियाण्याची कणगी गेली. अगं, आमच्या भाटघरचं बघ. १९२८ च्या सुमाराला धरण झालं. भोरची गावं पाण्याखाली गेली आणि पाणी गेलं कालव्यानं खाली बारामती-फलटणकडं, उसाला. धरण वाईट नव्हतं. पण पाणी कुणीकडं वळणार, हे ठरलं तेव्हा भोरच्या माणसाला कुणी विचारलं नाही. तुमच्या कंपन्या काढतानाही असंच होतंय.

यानंतर बोलणं सापांवर गेलं, कारण खाचरात चिखलणी सुरू झाली की या खोऱ्यात साप हा रोजचा विषय होतो. सापावरून सर्पदंशाच्या औषधावर, आणि तिथून मुंबईच्या हाफकिन संस्थेवर. परळची ही संस्था १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. १९२५ मध्ये तिला वाल्डेमार हाफकिनचं नाव मिळालं. ती संशोधनही करायची आणि लसी-सीरमही बनवायची. १९७५ मध्ये उत्पादनाचा भाग वेगळा काढून राज्य सरकारच्या मालकीची हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ ही कंपनी झाली. सार्वजनिक संशोधन संस्थेतून निघालेली कंपनी म्हणतात ती हीच, आणि तीही सरकारीच. त्याच्या आधीच, १९६६ मध्ये, पुण्यात पूनावालांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. त्यांच्या स्टडफार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला प्रतिविषासाठी जायचे; हाफकिनमधले काही अनुभवी लोक मग पुण्याच्या नव्या कंपनीत आले.

मामा : महामंडळ हा माझ्या मते योग्य रस्ता. मालकी सरकारची, काम कंपनीसारखं.

भाची : आणि झालं काय? संशोधन एका गेटच्या आत, कारखाना दुसऱ्या. संस्थेला रोजच्या उत्पादनातून कळणाऱ्या गोष्टी कळेनाशा झाल्या, कंपनीकडं नव्या गोष्टी करून बघायला माणूस नाही. सीरमनं दोन्ही एका छताखाली ठेवलं. आज जगात लसीचे सर्वाधिक डोस बनवणारी कंपनी ती आहे.

मामा : ठीक. मग तुझ्या त्या यशस्वी कंपन्यांना विचार, चापड्याचं औषध कुठाय?

हा प्रश्न त्या दुपारचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. आपल्याकडं मिळणारं सर्पदंशाचं इंजेक्शन चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. चापडा, म्हणजे सह्याद्रीच्या झाडोऱ्यात वेलीसारखा हिरवा पडून राहणारा साप, त्या चारांत नाही. त्याचा दंश सहसा जीव घेत नाही, पण हात सुजून काळानिळा पडतो आणि दवाखान्यात डॉक्टर वेदनाशामक आणि सलाइन देऊन वाट बघतात. सरकारी कंपनीनं त्याचं औषध केलं नाही, खासगीनंही नाही. गिऱ्हाइकं थोडी, ती डोंगरात पसरलेली आणि बिनपैशाची.

भाची : खरंय. कंपनी तिथंच जाते जिथं कुणीतरी पैसे मोजणार आहे. पण मामा, सरकारी संस्थाही तिथंच जाते जिथं शोधनिबंध छापला जाणार आहे. चापडा दोन्ही याद्यांत नाही.

मामा : मग पैसे मोजणारे नसतील तिथं सरकारनं मोजावेत. त्यासाठीच सरकार असतं.

मी मुंबईचं उदाहरण मध्ये आणलं. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक राहुल पुरवार यांची इम्युनोअ‍ॅक्ट ही संस्थेतूनच निघालेली कंपनी. टाटा मेमोरियलबरोबर केलेली तिची नेक्सकार-१९ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरची उपचारपद्धती. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी लागतात. इथं तीस-चाळीस लाखांच्या घरात.

मामा : तीस-चाळीस लाख! आमच्या अख्ख्या आळीची खाचरं विकायला लागतील.

भाची : मान्य. पण ही इंद्रायणी नाही, मूठभर नेऊन बांधाबांधावर वाटायला. प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं, त्याच्याच पेशींचं, निर्जंतुक खोलीत केलेलं. हे आयआयटीनं शोधनिबंध छापून सोडून दिलं असतं, तर आज कुणालाच मिळालं नसतं. कोटीवाल्यालाही नाही.

मामा : आणि त्या प्राध्यापकानं सकाळी सरकारचा पगार घ्यायचा, संध्याकाळी कंपनीचे शेअर मोजायचे?

हा प्रश्न मामांच्या मनात सुरुवातीपासून होता. २००९ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी संस्थांतल्या शास्त्रज्ञांना नोकरीत राहून अशा कंपनीत भागीदारी घेण्याची मुभा दिली. त्याच्या आदल्या वर्षी सार्वजनिक पैशातल्या शोधांच्या मालकीबद्दल एक विधेयक राज्यसभेत आलं होतं, अमेरिकेच्या १९८० च्या बे-डोल कायद्यावर बेतलेलं. ते २०१४ मध्ये मागं घेतलं गेलं. म्हणजे शास्त्रज्ञाला काय मिळेल हे आपण ठरवलं, आणि ज्यांच्या कराच्या पैशावर हे चाललं त्यांना काय मिळेल ते ठरवायचं राहून गेलं. माझा मामांना पाठिंबा असेल तर तो इथं. भागीदारीला हरकत नाही, तिच्या पलीकडची बाजू कोरी ठेवण्याला आहे.

मामा : तसं असेल तर अट घाला. शोध दिला, इतक्या वर्षांत लोकांपर्यंत पोचवला नाही किंवा किंमत परवडेना केली, तर परत घेणार.

भाची : बे-डोल कायद्यात जवळपास तसाच अधिकार अमेरिकी सरकारनं राखून ठेवलाय. पण वापरलेला नाही.

मामा : आपल्याकडं?

भाची : आपल्या पेटंट कायद्यात सक्तीचा परवाना आहे. २०१२ मध्ये एकदा वापरला. बायरचं कर्करोगावरचं औषध महिन्याला २ लाख ८० हजारांचं होतं. नॅटकोला परवाना दिला आणि ते ८,८८० रुपयांवर आलं.

मामा : एकदाच?

भाची : एकदाच.

मामांनी ८,८८० हा आकडा दोनदा म्हणून घेतला. मग ते धंद्याचं बोलायला बसले, आणि निवृत्त सहायकातला जुना माणूस जागा झाला. भाचीच्या कंपनीला पट्टीची चाचणी पावसाळ्यात, गढूळ पाण्यावर घ्यायची होती. प्रयोगशाळेतल्या बनवलेल्या गढूळ पाण्यावर ती नीट चालते. डोंगरातून येणाऱ्या पहिल्या लोंढ्यातल्या लाल पाण्यावर कुणी बघितलेलं नाही. मामांच्या गावाला वरच्या झऱ्याचं पाणी नळानं येतं. टाकीत टीसीएलची जंतुनाशक पूड टाकतात, कधी जास्त, कधी विसरतात. सरकारच्या जलजीवन मिशनच्या किटनं पाणी तपासायला शिकलेल्या बायका गावात आहेतच.

मामा : झरा देतो. बायका रोज तपासतील. पट्टी आणि ती काळी बाटली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून. पण बायकांना रोजचा मोबदला.

भाची : तो धरलाय.

मामा : आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहील.

भाची : तिथं अडचण आहे. ती माहिती मंजुरीच्या अर्जात जाते. कंपनीची असते.

मामा : पाणी आमचं, नोंद बायकांची, आणि माहिती कंपनीची कशी?

भाची : मला वकिलाला विचारावं लागेल.

मामा : विचार. आणि आणखी एक लिहून घे. पट्टी मंजूर झाली की पहिली पाच वर्षं या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींना ती खर्चाच्या भावात. कंपनी दुसऱ्याला विकली, तरी ही अट नव्या मालकावर.

भाची : पाच वर्षं जमणार नाहीत. तीन.

मामा : चार. आणि वहीची प्रत.

भाचीनं फोनवर दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. वहीपुढं प्रश्नचिन्ह टाकलं.